सूप गार होतंय

ब्रनो, ६ मे १९९३

प्रिय ब्लाझेना,

दहा तारखेला कॅलेंडरात तुझ्या नावाचा दिवस. पत्र तोवर बीला वोदाला पोहोचावं म्हणून आजच टाकते आहे. देश नवा झाला तरी पोस्ट जुनंच आहे. तुमच्या मठात तो दिवस कुणी पाळत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे तू सिस्टर इमाकुलाता. ते नाव मी पाकिटावर लिहिते ते पोस्टमनसाठी. पाकिटाच्या आत तू ब्लाझेनाच, माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेणीचं टोक शाईच्या दौतीत बुडवणारी.

सोबतच्या डब्यात खसखशीचा केक आहे. कडेने जरा करपलाय, ओव्हनला दोष दे. सगळा म्हाताऱ्या सिस्टरांना वाटून टाकू नकोस, एक तुकडा तरी स्वतः खा. तुझे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत, आणि नसले तरी सांगणार कोणाला? आमच्या इमारतीच्या जुन्या मालकाचा नातू परत आलाय. सरकारने घर त्याला परत दिलं. त्याने जिन्यात दिवा लावला आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आम्ही सगळे त्याच्या आजोबांच्या सोफ्यावर चाळीस वर्षं बूट घालून बसलो होतो. मी म्हटलं, "बाळा, दिवा छान आहे. आता गळकं छत बघ."

हे झालं हवापाणी. आता राग.

इथल्या एका गॅलरीत माझ्या नवऱ्याचं प्रदर्शन भरतंय. होय, आपल्या रोस्त्याचं. गेल्याला दोन वर्षं होत आली आणि आता तो मोठा कलावंत झालाय. जिवंतपणी त्याला कोपऱ्यावरचा खाटीकही ओळखत नव्हता. प्रदर्शन मांडणारी मुलगी झोरा पेलिकानोवा. मुलगी वाईट नाही. बूट दाराबाहेर काढते, कॉफी गाळासकट पिते, आणि तळघरातल्या काचेच्या निगेटिव्ह पांढरे हातमोजे घालून उचलते, जणू नुकतीच जन्मलेली बाळं आहेत.

पहिल्या खोलीत माझ्या सासऱ्यांची चित्रं आहेत. आठवतात? दिवसभर औषधांच्या पुड्या बांधायच्या आणि रविवारी फोटोवर ब्रशने शाई थोपत बसायचं, थोपून थोपून त्यातलं शेत धुक्यात बुडेपर्यंत. त्या पिढीला वाटायचं, फोटो हा फोटोसारखा दिसला नाही तरच ती कला. रोस्त्या त्यावर हसायचा. "बाबा, धुकं पुरे, आता जरा ऊन पडू द्या." मग त्याची स्वतःची खोली: अंडं. अंडं आणि काचेचा पेला. अंडं आणि दोरी. अंड्याची सावली. त्या काळी या शहरातला प्रत्येक शहाणा मुलगा अंड्याचा फोटो काढायचा आणि त्याची बायको ते अंडं शिळं होण्याआधी ऑम्लेट करायची. त्यानंतर दुधाच्या बरण्या घेऊन हसणाऱ्या बाया, कारण वरून तसं सांगितलेलं. मग हसू संपलं आणि पोपडे उडालेल्या भिंती आल्या. आयुष्यभराच्या भिंती, ब्लाझेना. घरात रंग लावायला सवड नव्हती त्याला.

आणि सगळ्यात शेवटी, एका अख्ख्या भिंतीवर एकटं, जेवणाच्या टेबलाएवढं मोठं करून लावलेलं: आपलं चित्र.

मी स्वयंपाकघरात, डाव्या बाजूला खिडकी. हातात सुरी, सुरीला लोंबणारं सफरचंदाचं लांबलचक साल, मागे पातेल्यातून निघणारी वाफ. मान मागे टाकून हसतेय, सगळे दात दिसतायत, अगदी तो वाकडा दातसुद्धा. त्याच्याखाली छापायचा मजकूर झोराने मला मोठ्याने वाचून दाखवला. नाव: 'सूप गार होतंय'. आणि पुढे, मी शब्दशः उतरवते: "प्रेमात बुडालेल्या पतीच्या नजरेने टिपलेला हा क्षण, आणि त्याला दिलेलं हे गूढ, विषण्ण शीर्षक! सुखाच्या ऐन भरात निवत जाणाऱ्या काळाची जाणीव…" असं दोन पानं.

मी चमचा खाली ठेवला. "हे शीर्षक कुठून आणलंस?"

"मागे लिहिलंय ना, वाव्रोवाबाई. पेन्सिलीने. तुमच्या यजमानांनी."

"यजमानांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. आणि ते शीर्षक नाहीच. ते खूणवाक्य आहे."

पोरीला माहीतच नव्हतं. तिचा काय दोष, आता ते फोटोग्राफीचे क्लबच राहिले नाहीत. मी समजावलं: स्पर्धेला चित्र द्यायचं ते नावाशिवाय. मागे एक खूणवाक्य लिहायचं, आणि तेच वाक्य वर लिहिलेल्या बंद पाकिटात नाव. म्हणजे परीक्षकांना कळू नये, की हे आपल्या मेव्हण्याचं चित्र आहे. (कळायचंच.) सगळे लोक भारदस्त काहीतरी लिहायचे, 'प्रकाशाकडे', 'अनंताच्या उंबरठ्यावर'. आणि एकीने लिहिलं 'सूप गार होतंय'.

"एकीने?" झोराने विचारलं. "म्हणजे तुम्हीच का? अक्षर तर तुमच्यासारखं आहे."

घे! मदर युलालियाने आपल्या सगळ्यांच्या बोटांवर पट्टी मारून मारून एकच तिरकं अक्षर काढून घेतलं, त्याचं हे फळ. तिच्या शाळेतून बाहेर पडलेल्या सगळ्या मुलींनी एकाच माणसाला प्रेमपत्रं लिहिली असती, तर त्याला वाटलं असतं एकच वेडी मागे लागलीय.

तर मी तिला सांगितलं. चित्र काढणारीचं नाव ब्लाझेना, फोटोग्राफरची मुलगी, वडिलांच्या स्टुडिओत वाढलेली. कॅमेरा तिचा, काच तिची, नजर तिची. ती काळ्या कापडाखाली डोकं घालून मदर युलालियाच्या आवाजात ओरडत होती: "मुलींनो! सूप गार होतंय! तुमचे आत्मे नंतर वाचवू, आधी सूप!" म्हणून मी हसतेय. त्या वेळी माझा नवरा तळघरात अंडं धूत होता. म्हणजे अंड्याचा फोटो धूत होता.

झोरा म्हणाली, "बाई, माझा विश्वास आहे. पण पदक त्यांच्या नावाने, छापलंय त्यांच्या नावाने. नुसत्या ऐकीव गोष्टीवर पाटी बदलली तर माझे साहेब मलाच भिंतीवर टांगतील. त्या स्वतः दोन ओळी लिहितील का?"

लिहिशील. उद्घाटन दहा जूनला आहे. झोराचा पत्ता मागे लिहिलाय. हे मागणं फक्त न्यायाचं आहे, त्यात माझं स्वतःचं काही नाही.

केकचा डबा परत पाठव, तो चांगला आहे.

तुझी
हेद्विका


ब्रनो, २२ मे १९९३

प्रिय ब्लाझेना,

डबा मिळाला. आत बडीशेप आणि संत योसेफाचं चित्र घातलंस त्याबद्दल आभार. संत योसेफ स्वयंपाकघरात लावलाय, बिचाऱ्याचा चेहरा अगदी माझ्या नव्या घरमालकासारखा आहे.

पत्रही मिळालं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चष्मा काढून टेबलावर आपटला.

तू लिहितेस: "दिलं ते दिलं. मठात येताना कॅमेरा दिला, काचा दिल्या, केस दिले, नाव दिलं. आता एका चित्रासाठी नाव परत मागायला जाऊ?" बरं. तुझं ते व्रत आहे, मी त्यात पडत नाही, जरी माझ्या मते देवाला पाटीवरची तीन अक्षरं जड झाली नसती.

तू लिहितेस: "रोस्तिस्लाव उत्तर द्यायला नाही. गेलेल्या माणसाला चोर ठरवू नकोस." मी त्याला चोर म्हणत नाही. तो चोर नव्हता, दिरंगाई करणारा होता. क्लबात बाहेरच्यांना भाग घेता येत नव्हता आणि तुला ते चित्र एकदा तरी भिंतीवर लागलेलं हवं होतं, म्हणून त्याच रात्री छाप निघाल्यावर पाकिटात त्याचं नाव घालायला तूच सांगितलंस. मी तिथेच होते आणि मी तेव्हाही ओरडले होते. जानेवारीत पदक घेऊन घरी आला तेव्हा मी म्हटलं, "उद्याच्या उद्या जाऊन खरं सांग." तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी सभा आहे, तेव्हा सांगतो." पुढच्या गुरुवारी त्याला सर्दी झाली. मग फेब्रुवारीत सरकार उलटलं, कम्युनिस्ट आले, आणि त्यानंतर मठात गेलेल्या मुलीचं नाव सभेत घेणं तुझ्याही हिताचं नव्हतं, आमच्याही. तुम्हा सगळ्या सिस्टरांना ट्रकांत घालून डोंगरात नेलं त्या वर्षी तेच चित्र एका मासिकात आलं: 'नव्या समाजातील गृहिणीचा आनंद'. पुढे साठच्या दशकात ते 'क्षणाची कविता' झालं. आता 'निवत जाणारा काळ' झालंय. ज्याला जे हवं ते त्याने त्यात पाहिलं. फक्त तुला कुणी पाहिलं नाही. आणि रोस्त्याला तोंड उघडायला ती राजवट गेल्यावरचं शेवटचं दीड वर्ष मोकळं मिळालं होतं, ते त्याने तळघर आवरण्यात घालवलं.

इथवर मी नुसती चिडलेली होते. चिडणं मला मानवतं, त्याने माझे हात गरम राहतात. पण तू शेवटी जे लिहिलंस, अगदी सहज, वाटाण्याच्या शेंगांच्या आणि मांजरीच्या बातमीमध्ये: "आणि हेदा, लोकांना वाटू दे ना, तुझ्या नवऱ्याने तुझ्याकडे तसं पाहिलं. त्यात वाईट काय? छानच आहे."

त्यावर दोन दिवस गेले. भांडी घासली. खिडक्या पुसल्या. आज लिहिते.

रोस्त्या चांगला माणूस होता. हे पहिलं लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. कोळसा वर आणायचा, रविवारी भांडी पुसायचा. कुणाला काही मागायचं असेल तर तो देईल असा. मी त्याच्याशी सुखाने राहिले, असं मी सगळ्यांना सांगितलंय आणि त्यात खोटं फारसं नाही.

पण त्याने माझे जेवढे फोटो काढले, ते सगळे आता झोराने भिंतीवर लावलेत. 'हात आणि कंपास': हात माझा. 'खांदा आणि सावली': खांदा माझा. 'मान, अभ्यास दुसरा'. "हनुवटी खाली. श्वास रोख. हलू नकोस." हे त्याचं माझ्याशी बोलणं. मी अंड्यापेक्षा कमी पडायचे, कारण अंडं खरंच हलायचं नाही. सगळं अतिशय सुंदर आहे, ब्लाझेना, मी फिरले त्या खोल्यांतून, उजेड असा पडलाय की डोळ्यांत पाणी यावं. आणि त्यात कुठेही मी नाही. एका माणसाने आयुष्यभर माझ्यावर उजेड कसा पडतो ते पाहिलं. माझ्याकडे पाहायला त्याला सवड झाली नाही. हे मी कोणाला बोलले नाही. त्यालाही नाही. काय बोलायचं असतं? "तू कोळसा आणतोस, पण माझ्याकडे बघत नाहीस"?

आणि मग शेवटच्या भिंतीवर मी आहे. एकदाच. वाकड्या दातासकट.

परवा झोराबरोबर कुठल्याशा वर्तमानपत्राचा तरुण आला होता. चित्रापुढे उभा राहून मला हळूच म्हणाला, "आजी, किती भाग्यवान तुम्ही. इतकं प्रेम करणारा नवरा." आणि मी, जिने बिशपलासुद्धा तोंडावर उत्तर दिलंय, ती मी मान हलवली. घरी येईपर्यंत ती मान माझी मलाच दुखत होती.

दहा तारखेला माणसं ओळीने तेच म्हणणार आणि मी ओळीने मान हलवणार. मग मी मरेन आणि पुस्तकात ते छापलेलं राहील. माझ्या आयुष्यात मला ज्याने कुणी तसं पाहिलं, त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की यात माझं स्वतःचं काही नाही. ते पत्र जाळून टाक.

तू काच त्याला दिलीस, बरोबर. पण माझं हसू तू त्याला कसं दिलंस? ते तुझं तरी होतं किंवा माझं. तुला तुझं नाव नको असेल तर नको. मला ते हवंय. मागतेय मी, माझ्यासाठी, आणि या वयात मला मागायची सवय नाही हे तुला माहीत आहे.

वाटाण्यांना दोरीपेक्षा काटक्यांचा आधार दे. मांजरीचं नाव काय ठेवलंस ते लिहिलं नाहीस.

हेदा


ब्रनो, ११ जून १९९३

प्रिय ब्लाझेना,

मांजरीचं नाव युलालिया! देव तुला माफ करो, मदर कदाचित करणार नाही.

काल उद्घाटन झालं. मी निळा ड्रेस घातला, जो रोस्त्याच्या अंत्यविधीला जास्तच आनंदी दिसेल म्हणून कपाटात ठेवला होता. वाईन पातळ होती, सँडविचवर अंड्याच्या चकत्या होत्या. म्हटलं, बघ रोस्त्या, शेवटी तुझी सगळी अंडी खाल्ली जातायत. हे मी प्रेमाने म्हटलं. पदकाच्या वेळचा क्लबचा चिटणीस ओताकारही आला होता, नव्वदीचा, काठी टेकत. झोराने भाषणात तुझं नाव घेतलं तसा तो काठी आपटत ओरडला, "नियमबाह्य! सभासद नव्हती!"

मी म्हटलं, "ओताकार, बसा. तुमच्या मेव्हण्याला सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस मिळत होतं, ते नियम मला आठवतात."

बसला. नंतर मला वाईन आणून दिली आणि म्हणाला, "चित्र तेव्हाही सगळ्यांत चांगलं होतं. आमच्या रोस्तिस्लाव वाव्राला एवढं हसवता येतं यावर माझा कधी विश्वास बसला नव्हता, बाई." बघ. एका माणसाला तरी शंका आली होती, आणि पंचेचाळीस वर्षं तीही त्याने गिळून ठेवली होती.

तुझं पत्र झोराला मंगळवारी मिळालं. तिने फोन केला, मला वाटलं तुझा नकारच आला. ती म्हणाली, "बाई, मी माझी दोन पानं काढून टाकली. तिथे फक्त त्यांचं पत्र लावते, चालेल?" मी म्हटलं, चालेल. काल सगळ्यांबरोबरच, गर्दीत उभी राहून, भिंतीवर वाचलं. छापील अक्षरं नाहीत, तुझंच पत्र काचेखाली, आपल्या त्या तिरक्या अक्षरात:

"हे चित्र मी काढलं, सप्टेंबर १९४७ मध्ये, मठात जाण्याच्या आदल्या दिवशी. रोस्तिस्लाव तेव्हा तळघरात होता. त्याने हे चित्र सांभाळलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. हेद्विका हसते आहे, कारण मी तिला हसवत होते. मी तिला हसवत होते, कारण नाहीतर आम्ही दोघी रडलो असतो, आणि रडताना फोटो हलतो. ब्लाझेना."

सिस्टर इमाकुलाता नाही. ब्लाझेना.

एक बाई, माझ्याच वयाची, बराच वेळ ते वाचत उभी होती. मग माझ्याकडे वळली, चित्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. वाकडा दात ओळखला असावा. म्हणाली, "या तुमच्या कोण?"

इतकं सोपं विचारलं. मी म्हटलं, "मागच्या बाकावरची."

तिने मान हलवली. मला हलवावी लागली नाही.

आता ऐक. प्रदर्शन ऑगस्टच्या अखेरीपर्यंत आहे. ते मोठं केलेलं चित्र तू पाहिलेलंच नाहीस. मला खात्री आहे, त्या मधल्या काळात तुला त्याची तळहाताएवढी छापील प्रतही बघायला मिळाली नसेल. आता तुम्हाला दारं बंद नाहीत, मी विचारून घेतलंय. तुझ्या मदरना मी वेगळं पत्र लिहिलंय, अत्यंत नम्र, तू ते वाचलंस तर हसून पडशील. गुडघ्याची सबब सांगू नकोस. बस थेट येते आणि स्थानकावर मी उभी असेन, निळ्या ड्रेसमध्ये, म्हणजे चुकायला नको. पातेलं तेच आहे. खिडकीही तिथेच आहे, डाव्या बाजूला. झोराने स्वतःचा कॅमेरा देऊ केलाय, म्हणते काचा-बिचा काही लागत नाही, नुसतं बटण दाबायचं. मी तिला म्हटलं, बटण कुणीही दाबेल गं, पण काळं कापड लागेल. ते माझ्याकडे आहे. तळघर आवरताना रोस्त्याने सगळं फेकलं, ते मात्र घडी करून ठेवलं होतं. का ते मी आता विचारू शकत नाही. त्याचं श्रेय त्याला देते.

बटाट्याचं करते, वाळवलेल्या आळंब्या घालून, तुला आवडतं तसं.

ये गं. सूप गार होतंय.

तुझीच
हेदा